राजीनाम्याचं क्रियापद

मराठीत राजीनामा देतात, हिंदीत राजीनामा करतात. मराठीतला देणारा उठून निघून जातो. हिंदीतले करणारे मात्र एकमेकांजवळ येऊन बसतात, कारण तिकडं राजीनामा म्हणजे तडजोड, समझोता. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे माहीत असायची गरज नाही. आम्हा हिंदी राज्यातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या लोकांना आहे, कारण आमचं घर मराठीत चालतं आणि कचेरी हिंदीत. माझा नवरा सौंसरच्या कोर्टात बाबू आहे. 'त्या धुऱ्याच्या केसमधे आज राजीनामा झाला,' असं तो चहा पिताना सांगतो, तेव्हा मला कळतं की शेताच्या बांधावरून भांडणारे दोन भाऊ भांडण मिटवून घरी गेले. आणि 'अमक्या सरपंचानं राजीनामा दिला' म्हणाला की कळतं, खुर्ची रिकामी झाली. त्याच तोंडातून, तोच शब्द, त्याच कपावर.

मी स्वतः मोहगावच्या एका शाळेत हिंदी शिकवते. त्यामुळे हा फरक मला ठाऊक नव्हता असं मला म्हणता येणार नाही. दोन वर्षं मात्र मी तसंच म्हणत होते. एका अर्जात मी 'देती हैं'च्या जागी 'करती हैं' लिहिलं, आणि त्यावर माझ्या धाकट्या जावेनं माझ्या भरवशावर सही केली. त्या सहीनं तिची रांगोळी गेली. ती मला दोष देत नव्हती. ताईची चूक झाली, असं तिनं स्वतःला आणि सगळ्या घराला पटवून दिलं होतं. चूक नव्हती, हे तिला सांगायचं का, एवढ्याच प्रश्नाशी मी दोन वर्षं बसून होते.

जिल्हा झाला तिथपासून सांगते. आमचे दोन तालुके छिंदवाड्यातून काढले आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तेव्हा माझे सासरे ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आपन वायले निंगालो." वायलं म्हणजे वेगळं. हा शब्द आमच्याकडं चुलीसाठी वापरतात. भाऊ वायले निघतात, सुना वायल्या निघतात. मी आणि जाऊसुद्धा एकाच अंगणात दोन चुलींवर स्वयंपाक करतो, तिच्या लग्नाच्या चौथ्या वर्षापासून. पण जिल्हा वायला निघताना मी पहिल्यांदाच ऐकला. मला त्याची गंमत वाटली आणि मी मामंजींना विचारलं, "मग भांडण कोणाचं झालं होतं?"

"भांडण काऊन पाह्यजे? लेकरू मोठं झालं का वायलं निंगते."

समोरचे काका सौंसरचे मोठे अभिमानी. ते रस्त्यावरूनच म्हणाले, "मोठं तं आपनच होतो. रेल्वेची मेन लाइन त्याहिच्या गावातून जाते, म्हनून जिल्हा त्याहिले भेटला. आपल्याले काय? पयले कागदासाठी छिंदवाड्याले जात होतो, आता पांढुर्ण्याले जाऊ."

शाळेतल्या भिंतीवरचा नकाशा जुन्या जिल्ह्याचा होता. नवा येईपर्यंत त्याच्यावरच हद्द काढा, असं मला सांगितलं गेलं. मी स्टुलावर चढून लाल स्केचपेननं रेघ ओढली. खालून एक मुलगी म्हणाली, "मैडम, इस लाइन पर हमारा खेत आएगा तो खेत भी कटेगा क्या?" नहीं कटेगा, म्हटलं. पण त्यानंतर छिंदवाड्याच्या बसमधून जाताना मी खिडकीतून ती रेघ शोधायला लागले. कुठंच काही नव्हतं. अलीकडं संत्र्याची झाडं, पलीकडंही संत्र्याचीच. मग तुटलं म्हणजे नेमकं काय तुटलं, आणि ते तुटलं हे झाडांना सोडून सगळ्यांना कसं कळतं, याचं मला फार कुतूहल वाटायचं. माणसं वेगळी होतात तेव्हा ती रेघ कुठून जाते, हे मला बघायचं होतं. बघायला मिळालंही. फार लांब जावं लागलं नाही.

सौंसरात आमचं बायकांचं रांगोळी मंडळ आहे. ते एका बाईंनी सुरू केलं. त्या सातवीत मला शिकवायच्या, म्हणून अजूनही माझ्यासाठी त्या फक्त 'बाई'. वय सत्तरीच्या पुढं, पाठ ताठ, चष्मा दोरीला. बाईंची रांगोळी ठिपक्यांची. आधी ठिपके पडायचे, मग बाई ते बोट लावून मोजायच्या, मग रेघ. एक ठिपका हलला तर सगळं पुसून पुन्हा. मी मंडळाची चिटणीस. अर्ज लिहिणं, बायका जमवणं, फोटो काढून घेणं ही माझी कामं. ठिपके जोडण्यात मी कधी चुकले नाही. त्यापलीकडं मला काही येतही नव्हतं, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं.

जाऊ काटोलकडची. शाळा सगळी मराठीत झालेली, हिंदी टीव्हीवरून आलेली. तिला मीच मंडळात आणलं. ती ठिपके काढत नसे. खाली बसायची, जमिनीकडं थोडा वेळ बघायची आणि सरळ सुरू करायची. रंगसुद्धा दुकानातले नाहीत. संत्र्याची सालं वाळवून केलेली पूड, कापसाच्या पऱ्हाट्या जाळून उरलेली राख, शेतातली काळी माती, मधे मधे सरकी आणि कापूस. एकदा तिनं बसस्टँडवर पिशव्या धरून उभ्या असलेल्या बायका काढल्या, नुसत्या पाठमोऱ्या. मी त्यातल्या एका पाठीवरून आमच्या मोलकरणीला ओळखलं.

बाई आल्या, चष्मा लावला. "ठिपके कुठं आहेत?"

"पोटात हायेत, बाई."

"पोटातले मला मोजता येत नाहीत."

"मोजून काय करता? रांगोयी हाय का वांगे हायेत?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाई हसल्या नाहीत. "ठिपका सुटला की हात सुटतो ग," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या रांगोळीकडं गेल्या.

घरी आल्यावर मी जावेला विचारलं की कुठं थांबायचं हे तुला कसं कळतं. ती भाकरी थापत होती. "म्या कुठं ठरवते ताई? थे थांबते तिथं थांबते." या उत्तरावर मी कितीतरी दिवस विचार केला. चोरून, दार लावून, मीही बिनठिपक्यांची रांगोळी काढून बघितली. ती कुठंच थांबेना. शेवटी झाडूनं थांबवली.

नव्या जिल्ह्याच्या पहिल्या सव्वीस जानेवारीला पांढुर्ण्याच्या मैदानावर रांगोळी काढायचं काम आमच्या मंडळाकडं आलं. सौंसरच्या बायकांना पांढुर्ण्यानं बोलावलं, याचं सगळ्यांना अप्रूप. जावेनं वर्तमानपत्राच्या कागदावर खडूनं चित्र काढून आणलं. वरून दिसणारं मोठं सोललेलं संत्रं, आणि त्यातून अर्धवट बाहेर ओढलेली एक फोड. फोड आणि संत्रं यांच्यामधे पांढऱ्या शिरा ताणलेल्या, काही तुटलेल्या, काही धरून असलेल्या.

"ह्या शिरा कशाला?" मी विचारलं.

"वायलं निंगालं म्हनजे एकदम तुटते का काई? माह्या माहेरी आजून माह्या नावाची पेटी हाय."

इतके महिने मी बसच्या खिडकीतून जी रेघ शोधत होते ती या बाईनं खडूनं काढून माझ्यापुढं ठेवली होती. मी म्हणाले, "बाईंना विचारून बघ." चांगलं आहे असं म्हणाले नाही.

बाईंनी कागद हातात धरला आणि परत दिला. "सरकारी कार्यक्रमात फोडाफोडी दाखवायची नाही. एकवीस ठिपके, एकवीस ओळी, मधे कलश."

दुसऱ्याच दिवशी दुपारी जाऊ आणि आणखी चौघी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "ताई, आमी मंडळातून वायल्या निंगतो."

"अशा कशा निघता?"

"कशा म्हनजे? मंडळ का सासर हाय का?" चौघींतली सगळ्यात मोठी म्हणाली. "राजीनामा द्याचा न् मोकळं. साहेबाले म्हनायचं, आमाले दुसऱ्या गेटावर जागा द्या. बाईची कलशवाली इकडं, आमची संत्र्याची तिकडं. पाहनारे पाह्यतीन."

अर्ज हिंदीत हवा होता. दोन प्रती, एक बाईंना आणि एक पांढुर्ण्याला कार्यक्रम बघणाऱ्या साहेबांना. जाऊ म्हणाली, "तुमीच लिवा ताई. तुमी तं हिंदीच्या मॅडम."

मी लिहिलं, 'हम पाँचों सदस्याएँ मंडल से राजीनामा देती हैं।' हे मराठी डोक्यानं लिहिलेलं हिंदी झालं. बरोबर शब्द होता त्यागपत्र. तो मला येत होता, पण पहिल्या झटक्यात हाताला घरचा शब्द आला, एवढ्यापुरती ती खरीच चूक होती. तिथं थांबले असते तर आज हे लिहिलं नसतं. मी वाक्य पुन्हा वाचलं आणि मला दिसलं की त्यात एक दार आहे. हिंदीतलं 'से' दुतोंडी. 'मंडल से' म्हणजे मंडळातून, आणि 'मंडल से' म्हणजे मंडळाशीही. 'राजीनामा देती हैं' वाचून साहेब अडखळले असते, विचारलं असतं. पण 'मंडल से राजीनामा करती हैं' हे स्वच्छ, सरळ हिंदी आहे. त्याचा अर्थ, आम्ही मंडळाशी तडजोड करतो.

तोवर चहाला उकळी आली होती. मी उठून गाळला, सगळ्यांना दिला आणि नवा कागद घेतला. त्यावर 'करती हैं' लिहिलं.

चौघींतली एक बँकेत शिपाई होती. ती म्हणाली, "करती? देती नाई का, मॅडम?"

"हिंदीत करतात," मी म्हणाले. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"न् वेगळी जागा पाह्यजे, थे लिवलं?" जावेनं विचारलं.

"ते लेखी नको. लेखी मागितलं की फाटे फुटतात. मी साहेबांना तोंडी सांगते."

पाचही जणींनी सह्या केल्या. जावेनं सहीखाली छोटी फुली काढली, तिची सवयच आहे ती.

का केलं, याची मी पुष्कळ कारणं स्वतःला दिली आहेत. बाईंचं वय झालं, त्यांना हे सोसणार नाही. मंडळ फुटलं तर पांढुर्ण्यात सौंसरचं हसं होईल. ही कारणं खोटी नाहीत, फक्त ती नंतर सुचली. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की या पाचजणी गेल्या तर मंडळात ज्यांना रांगोळी येते असं कोणी उरणार नाही, आणि दोन गेटांवर दोन रांगोळ्या पडल्या की ते सगळ्यांना दिसेल. मला तिचे हात मंडळात हवे होते. तिचं नाव मात्र वेगळ्या गेटावर नको होतं.

दोन दिवसांनी बसनं पांढुर्ण्याला गेले. साहेब जबलपूरकडचे, सभ्य, घाईत असलेले. त्यांनी अर्ज वाचला आणि चेहरा मोकळा झाला. "यह बढ़िया हुआ, मैडम। मैंने तो सुना था महिलाओं में कुछ खटपट है। राजीनामा हो गया, अच्छा है। अब सब मिलकर मेन गेट पर बनाइए।"

कागदात जे लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं होतं. त्यांचा काही दोष नाही. आता माझ्याकडं एकच वाक्य बोलायचं काम होतं, की सर, असं नाही, त्यांना वेगळी जागा हवी आहे. ते वाक्य मी बसमधे तयार करून आणलं होतं की नव्हतं, हे मला आजही आठवत नाही, आणि ते न आठवणं मला संशयास्पद वाटतं. मी म्हणाले, "जी सर."

घरी येऊन जावेला सांगितलं, काम झालं.

इकडं बाईंना त्यांची प्रत मिळाली होती. त्यांनी ती मराठी डोळ्यांनी वाचली. त्यांच्या दृष्टीनं पाच पोरी मंडळ सोडून गेल्या. पंधरा दिवस त्या पाचजणींशी बोलल्या नाहीत. बाजारात समोर आल्या तर मेथीची जुडी निरखत उभ्या राहायच्या. एकच कागद सौंसरात फारकत होता आणि पांढुर्ण्यात मिलाप, आणि दोन्हीकडचा अर्थ मला एकटीलाच माहीत होता. खरं सांगते, त्या पंधरा दिवसांत अपराधापेक्षा मला उत्सुकताच जास्त होती. पुढं काय होईल, हे मी दुसऱ्याच्या घरात डोकावावं तसं बघत होते.

सव्वीस जानेवारीला उजाडायच्या आत आम्ही मैदानावर पोचलो. मंडळ एका गाडीत, त्या पाचजणी दुसऱ्या टेम्पोत, सालीच्या पुडीची पोती घेऊन. बाईंचे ठिपके पडायला लागले होते. जाऊ दुसऱ्या गेटाकडं गेली तर तिथं खुर्च्या लावणं चाललं होतं. तिनं तिथल्या कर्मचाऱ्याला आपली हिंदी लावली.

"भैया, हमारी जगा किधर है?"

"वहीं मेन गेट पर, सबके साथ। आपका तो राजीनामा हो गया न?"

"हाव, हो गया न! इसके वास्तेच तो अलग जगा होना।"

"अरे, राजीनामा हो गया तो अलग काहे को?"

"राजीनामा हो गया तो साथ में काहे को?"

हे तीनदा झालं. तो तिला खुळी समजला, ती त्याला. दोघंही बरोबर होते. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण अर्ज माझा होता. मी म्हणाले, "माझंच हिंदीत काहीतरी चुकलं वाटतं."

तेवढ्यात बाईंनी त्यांना पाहिलं. बाईंना वाटलं, पोरी परत आल्या. त्या ठिपक्यांमधून उठल्या, गुडघा धरून. "या ग. तुमच्या ओळी मी रिकाम्याच ठेवल्यात," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. बाईंचा आवाज फाटलेला मी शाळेपासून कधी ऐकला नव्हता. जाऊ पोत्यावर हात ठेवून उभी होती. मग तिनं पोतं टेम्पोत परत टाकलं, पदर खोचला आणि बाईंनी दाखवलेल्या ओळीत बसून दुकानातला लाल रंग भरायला लागली. एकही रेघ बाहेर गेली नाही. फोटोत मी मधे आहे, कलशाच्या बरोबर मागं.

त्यानंतर तिनं रांगोळी सोडली. भांडली नाही. पोत्यातल्या पुडीनं सहा महिने भांडी घासली. दिवाळीला तिच्या दारात बाजारातलं चिकटवायचं स्टिकर आलं, गुळगुळीत, चकचकीत, ठिपक्यांसकट छापलेलं. मी माझ्या दारात बसून ठिपके मोजायचे तेव्हा ते समोर दिसायचं.

घरात त्या प्रकाराचा विनोद झाला. कोणी पाहुणा आला की दीर म्हणायचे, "वहिनीले कागद नका देऊ लिवाले. वहिनी सोडचिठ्ठी आनाले जातीन न् लगन लावून येतीन." जाऊसुद्धा हसायची. "ताईची हिंदी कच्ची हाय बाप्पा, शाळेतल्या लेकराहिचं काय होत असन?" मीही हसत असे. सतरा वर्षं हिंदी शिकवणाऱ्या बाईची हिंदी कच्ची आहे असं ठरलं, आणि मी ते आनंदानं ठरू दिलं. नवरा मात्र हसत नसे. एकदा त्यानं शर्टाची बटणं लावता लावता विचारलं, "तुले राजीनामा मालूम नाही?" मी भाजीत मीठ टाकत होते. दुसऱ्यांदा टाकलं. त्यानं परत विचारलं नाही. कोर्टात राहून तो इतकं शिकला आहे.

मधे एकदा शाळेच्या कपाटात चित्रकलेच्या परीक्षेचं एक जुनं मार्गदर्शक सापडलं. त्यात एक परिच्छेद होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या काही शहरांत चित्रकार आपली जुनी मान्यवर संस्था सोडून बाहेर पडले, स्वतःची वेगळी प्रदर्शनं भरवली आणि आपल्या गटाला नावच 'फुटून निघणं' असं दिलं. पुढं त्यांच्या चित्रांविषयी होतं. माझं लक्ष तिकडं गेलंच नाही. त्यांचा अर्ज कोणी लिहिला असेल, असा प्रश्न मला पडला. त्यांच्यातही कोणी चांगलं अक्षर असलेली, सगळ्यांची विश्वासाची, घरातलीच बाई असेल का? आणि तिनं सरळ लिहिलं असेल का? पुस्तकात दिलेलं नव्हतं.

या हिवाळ्यात बाईंना डोळ्यांनी दिसेनासं झालं. त्यांनी मंडळाची वही माझ्याकडं दिली. "आता तू अध्यक्ष हो. आणि तुझ्या जावेला परत आण. मला तिचं दिसत नाही, पण ती बसली की जमिनीचा आवाज वेगळा येतो."

मी जावेला विचारलं ते एवढ्याच आशेवर की ती नाही म्हणेल. अंगणात दुपारी आम्ही तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. ती लगेच म्हणाली, "तुमी अध्यक्ष होऊन राहिल्या तं येते न मी. तुमच्यासाठी येते. कुठं सही करू?" आणि हात पुसून तिनं वहीसाठी हात पुढं केला.

परत माझ्या भरवशावर सही. ते मला झेपलं नाही.

"आधी ऐक," मी म्हणाले आणि सांगितलं. पहिला कागद, चहा, दुसरा कागद, जी सर. फार वेळ लागला नाही. दोन वर्षं वाटत होतं, सांगायला रात्र पुरणार नाही. एक ओंजळ शेंगा सोलून व्हायच्या आत संपलं.

ती सोलत राहिली. मग विचारलं, "पयले काय लिवलं होतं?"

"देती."

"मंग थे खोडलं?"

"नाही. नवा कागद घेतला."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "नवा कागद घेतला म्हनजे तुले टाइम होता."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिनं मला तू म्हटलं.

"काऊन केलं?"

मी बाईंचं वय सांगणार होते. तोंडातून आलं, "तुझी फोड फार चांगली होती."

"चांगली होती, म्हनून?"

"म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी शिव्यांची वाट बघत होते. पण तिच्या चेहऱ्यावर आधी वेगळंच काही आलं, क्षणभर, जसं कोणी आपलं नाव लांबून घेतलं की माणूस वळतो तसं. "खरंच चांगली होती?" मी मान हलवली. मग तो चेहरा गेला. "थ्या वक्ताले कोनीच नाही म्हनलं चांगली हाय म्हनून. मले वाटलं, मलेच कळत नाही. दोन वर्सं मले हेच वाटून राहिलं." सोललेल्या दाण्यांची परात उचलून ती तिच्या घरात गेली. माझ्या वाट्याच्या शेंगा पोत्यावरच राहिल्या.

बाकी चौघींना मी एकेक जाऊन सांगितलं. एक खो खो हसली, एक त्या दिवसापासून रस्ता बदलते, बँकेतली म्हणाली, "मी तवाच म्हनलं होतं, करती कसं?" चौथीला तो दिवसच नीट आठवत नव्हता. शेवटी बाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दिसत नसलेल्या डोळ्यांनी खिडकीकडं तोंड करून.

"म्हणजे त्या परत आल्याच नव्हत्या," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

वही मी त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

आठ दिवसांनी जाऊ माझ्या दारात उभी. हातात तिच्या मुलीची जुनी वही, मागची पानं कोरी असलेली. "मले हिंदी शिकवा. अर्जाची." पुन्हा 'तुमी' झालं होतं. ते मला त्या दिवशीच्या 'तू'पेक्षा जड गेलं.

"कशाला?"

"पुन्हा कोनाकून लिवून घ्या नाही लागलं पाह्यजे."

तेव्हापासून ती रोज दुपारी येते. तासभर बसते, चहा घेत नाही. एवढी हुशार विद्यार्थिनी मला शाळेत मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "थे 'से' म्हनजे 'तून' का 'शी', हे वयखाचं कसं?"

"क्रियापदावरून."

"मंग कागदात पयले क्रियापद पाह्याचं," ती म्हणाली, आणि तेच वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. तिला एकेक शब्द येतो तशी ती माझ्यापासून एकेक पाऊल लांब जाते, हे मला कळतं, आणि तरीही ती कुठवर जाईल हे बघायची मला ओढ आहे. शिकवताना मी काही राखून ठेवत नाही.

मागच्या सोमवारी ती आली आणि म्हणाली, आज शिकवू नका, आज मी लिवते. पानभर लिहिलं, डावा हात आडवा धरून, परीक्षेत मुली धरतात तसा. मी पलीकडं बसून वह्या तपासत होते.

"पाहू का?"

"नाई." थोड्या वेळानं, मान वर न करता, "'स्वतंत्र' हिंदीत कसं लिवते?"

"मराठीसारखंच."

तिनं लिहिलं, घडी घातली, पर्समधे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती एकटीच पांढुर्ण्याला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी अंगणात कपडे काढत होते.

"साहेबांनी वाचलं?"

"हाव."

"काय म्हणाले?"

"समजलं म्हने," ती म्हणाली, आणि चप्पल काढून आत गेली.